पानाचा नकार

आमच्या मागील अंगणांत विहिरीच्या कठड्याला लागून एक लिंबोणीचें झाड आहे आणि त्याच्या पलीकडे कढीलिंबाचीं दोन रोपें आहेत. गेल्या श्रावणांतील एका सकाळीं पूजेचीं फुलें काढून आम्ही ओट्यावर क्षणभर टेकलों होतों. इतक्यांत काळ्या पंखांवर पिंवळे ठिपके असलेलें एक मोठें फुलपांखरूं भिरभिरत आलें. तें प्रथम जास्वंदीवर बसलें. बसलें म्हणण्यापेक्षां त्यानें पानाला केवळ पाय लावले आणि चटका बसावा तसें तें उठलें. मग तें प्राजक्ताकडे गेलें. तेथेंही तोच प्रकार. अखेर कढीलिंबाच्या कोंवळ्या शेंड्यावर तें उतरलें, पुढच्या पायांनीं त्यानें पानावर ताशा वाजविल्यासारखा ठेका धरला, पोट वांकविलें, आणि मोहरीहूनही लहान असें एक पिंवळसर अंडें पानाला चिकटवून तें निघून गेलें.

आमचा नऊ वर्षांचा नातू हें सारें टक लावून पाहत होता. त्यानें विचारलें, “आजोबा, जास्वंदीचें पान त्याला कां नको झालें?”

छत्तीस वर्षें मुलांना प्रश्न विचारून निरुत्तर करण्याचा आमचा व्यवसाय. त्या दिवशीं पाळी आमच्यावर आली. काव्यांतले भ्रमर आम्हांला पुष्कळ ठाऊक; अंगणांतलें फुलपांखरूं मात्र ठाऊक नव्हतें. सुदैवानें आमचे एक जुने विद्यार्थी आज कृषि महाविद्यालयांत अध्यापक आहेत. त्यांनीं पाठविलेलीं पुस्तकें वाचतां वाचतां नातवाचा प्रश्न वाटला होता त्याहून फार मोठा आहे, असें आमच्या ध्यानांत आलें. आम्हांला जें समजलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

फुलपांखराची किंवा पतंगाची मादी अंडें घालते आणि निघून जाते. पिलाचें तोंड ती कधीं पाहत नाहीं. अंड्यांतून निघणारी अळी दोऱ्याच्या तुकड्याएवढी असते. एका झाडावरून दुसऱ्या झाडापर्यंत चालत जाणें तिला बहुधा अशक्यच. म्हणून मातेनें जें पान निवडलें तेंच तिचें अन्नछत्र, आणि निवड चुकली तर तेंच तिचें स्मशान. अशा मातेनें पान पारखून घ्यावें यांत नवल तें काय? नवल आहे तें पारखण्याच्या रीतीचें. ही माता पायांनीं चव घेते. १९२१ सालीं मिनिच नांवाच्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञानें फुलपांखराच्या पायांना रुचीची जाणीव असते हें प्रयोगानें दाखविलें. पुढच्या पायांचा जो ठेका आम्हीं पाहिला तो पानाचा पृष्ठभाग खरवडून त्याचा रस चाखण्याचा उद्योग होता.

आतां पानांत तिला काय सांपडतें? त्यापूर्वींच १९१० सालीं आम्स्टरडॅम येथील फर्शाफेल्ट या शास्त्रज्ञानें कोबीवरील अळ्यांवर प्रयोग केले होते. कोबी, मुळा, मोहरी यांना जो तिखट झणका असतो, त्याचें मूळ द्रव्य या अळ्यांना ओळखीची खूण वाटतें. अळ्या एरव्हीं ज्यांना तोंड लावीत नाहींत अशा पानांना तें द्रव्य माखतांच त्या तीं पानेंही खाऊं लागल्या. त्या काळीं वनस्पतींतलीं असलीं कडू, तिखट, तुरट द्रव्यें म्हणजे वनस्पतीच्या देहांतला निरुपयोगी गाळ होय असा समज रूढ होता. १९५९ सालीं फ्रेंकेल यांनीं ठासून सांगितलें कीं, हा गाळ नव्हे, हें वनस्पतीचें शस्त्रागार आहे. झाडाला पळतां येत नाहीं, हात उगारतां येत नाहीं. त्याला जें बोलावयाचें तें चवीनें आणि वासानेंच बोलावें लागतें.

या बोलण्यांत ‘ये’ जसें असतें तसेंच ‘येऊं नको’ हेंही असतें. कोबीवरील पांढरें फुलपांखरूं मोहरीच्या कुळांतल्या बहुतेक वनस्पतींवर अंडीं घालतें. परंतु त्याच कुळांतली एरिसिमम नांवाची एक रानवट वनस्पति आहे. तिच्यांतही मोहरीचा झणका असतो. तथापि मादी तिच्यावर उतरते, पायांनीं चाखते आणि उठून जाते. कॉर्नेल विद्यापीठांतील संशोधकांनीं याचें कारण शोधलें. त्या पानांत कार्डेनोलाइड जातीचीं विषें असतात. आपल्याकडे रुई आणि कण्हेर यांच्या चिकांत हृदयावर आघात करणारीं जीं विषें आहेत, त्यांच्याच गोत्राचीं हीं. विष खाण्याचा प्रसंग येण्यापूर्वींच, केवळ पायाला चव लागतांच, मादीनें आपल्या संततीचा मुक्काम हलविला. यालाच शास्त्रांत अंडनिक्षेपाचें निवारण म्हणतात. वाचकांनीं एक भेद ध्यानीं ठेवावा. हें मारण नव्हे, निवारण आहे. येथें कीटक मरत नाहीं. तो दुसरीकडे जातो.

याहून चमत्कारिक हकीकत हॉलंडांतील वाखेनिंगेन येथली. कोबीवरील मोठ्या पांढऱ्या फुलपांखराची मादी एकत्र पुष्कळ अंडीं घालते, आणि ज्या पानावर दुसरीचीं अंडीं आधींच आहेत तें पान ती टाळते. प्रथम वाटलें कीं, अंड्यांनाच कांहीं खुणेचें द्रव्य असावें. पुढें १९९४ च्या सुमारास प्रयोगांवरून दिसलें कीं, अंडीं चिकटलेल्या पानांतच पालट घडतो आणि दुसऱ्या मादीला परतविणारें द्रव्य तें पानच निर्माण करतें. एका पाहुणीनें घर अडविल्यावर दुसरीला दारांतूनच ‘जागा नाहीं’ म्हणणाऱ्या गृहिणीसारखें हें झालें! २००१ सालीं तर दोन निरनिराळ्या ठिकाणांहून तंबाखूसंबंधीं वार्ता आली. अळ्यांनीं कुरतडलेली तंबाखू रात्रीं कांहीं विशेष वास सोडते आणि रात्रींच हिंडणाऱ्या पतंगांच्या माद्या त्या वासानें दूर राहतात, असें अमेरिकेंतील एका प्रयोगांत आढळलें. दुसरीकडे, युटा प्रांतांतील रानतंबाखूवर केसलर व बाल्डविन यांनीं दाखविलें कीं, जखमी झाडाच्या वासानें पतंग कमी अंडीं घालतात आणि अंडीं खाणारे लहान ढेकूणवर्गी किडे मात्र धांवून येतात.

हें सर्व मनोरंजक खरें. पण याचा आमच्या घराशीं काय संबंध, असें वाचक विचारतील. संबंध आहे, आणि तो आम्हांला फार जवळून कळला आहे.

आमचे धाकटे बंधू विदर्भांत वडिलोपार्जित शेत पाहतात. त्यांत कपाशी असते, तूर असते. कपाशीच्या बोंडअळीचें अंडें एकदां फुटलें कीं अळी लागलीच बोंडांत शिरते. तुरीवरील व हरभऱ्यावरील घाटेअळी आणि ज्वारीचा खोडकिडा यांच्या अळ्याही प्रथम कांहीं काळ बाहेर खाऊन पुढें शेंगांत व खोडांत शिरतात. आंत गेलेल्या अळीला बाहेरचें औषध लागत नाहीं. म्हणून शेतकरी अधिक जहाल औषध आणतो, अधिक वेळां मारतो. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर कीटकनाशकें फवारतांना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखीं पडले, शेंकडोंना रुग्णालयांत न्यावें लागलें. त्याच हंगामांत बंधूंचा एक जुना गडी फवारणी करतां करतां बांधावर कोसळला. दैव बलवत्तर म्हणून तो वांचला. पण तीन दिवस त्याला नीट दिसत नव्हतें. बंधूंनीं आम्हांला दूरध्वनीवर एवढेंच सांगितलें, “दादा, अळी बोंडांत आहे आणि विष माणसांत चाललें आहे.” तें वाक्य आमच्या मनांतून अद्याप गेलेलें नाहीं. अळी आंत शिरल्यावर लढण्यापेक्षां अंडेंच पडूं न देणें बरें, ही गोष्ट तेव्हां आम्हांला पुस्तकी राहिली नाहीं.

या कामीं आपल्या देशांत पहिला मान कडुनिंबाचा. पिचुमंद आणि अरिष्ट हीं त्याचीं संस्कृत नांवें आमच्या पिढीनें तोंडपाठ केलीं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदाचा स्वतंत्र अध्याय आहे आणि रोगी झाडाला वावडिंग, तूप व चिखल यांचा लेप देण्यास त्यांत सांगितलें आहे. एवढ्यावरून सर्व विद्या आपल्या पोथ्यांत होतीच असें म्हणण्याचा मोह मात्र आवरावा. पूर्वजांनीं गुण पाहिला. गुणाचें कारण शोधण्याचें काम पुढल्यांनीं केलें. १९४२ सालीं डॉ. सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनीं निंबोळीच्या तेलांतून निंबिन आदि कडू द्रव्यें वेगळीं काढलीं. १९५९ सालीं सुदानांत टोळधाडीनें सारें रान फस्त केलें असतां कडुनिंबाचीं झाडें तेवढीं हिरवीं राहिलेलीं श्मुटरर या जर्मन शास्त्रज्ञानें पाहिलीं. १९६२ सालीं दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेंत डॉ. प्रधान व त्यांचे सहकारी यांनीं निंबोळीचें पाणी शिंपडलेलें पीक टोळ खात नाहींत असें दाखवून दिलें. अझाडिरॅक्टिन हें त्यांतील मुख्य द्रव्य १९६८ सालीं इंग्लंडांत वेगळें झालें. त्याची घडण इतकी गुंतागुंतीची कीं, केंब्रिजच्या ले यांच्या मंडळीला तें प्रयोगशाळेंत बांधावयास बावीस वर्षें लागलीं आणि २००७ सालीं तें साधलें. कडुनिंब मात्र तें दर उन्हाळ्यांत गांवकुसाबाहेर फुकट बांधतो!

टोळांची गोष्ट खाण्याची झाली. पण हा अर्क शिंपडलेल्या पानावर कित्येक पतंगांच्या माद्या अंडींही कमी घालतात, असें अनेक कीटकांच्या बाबतींत आढळलें आहे. निंबोळीच्या उग्र वासांत गंधकाचीं द्रव्यें आहेत. कांद्या-लसणीच्या वासाशीं त्यांचें नातें लागतें. शिवाय चुकून अंडीं पडलींच, तर त्यांतून निघालेल्या अळीची भूक मंदावते आणि कात टाकण्याची तिची क्रिया बिघडते.

अर्काची कृति सोपी आहे. पावसाळ्याच्या आरंभीं पडणाऱ्या निंबोळ्या वेंचून, गर धुऊन, सावलींत वाळवाव्या. फवारणीच्या आदल्या दिवशीं ५ किलो निंबोळी कुटून सुमारें ९ लिटर पाण्यांत रात्रभर भिजत घालावी. सकाळीं फडक्यांतून पिळून गाळावी, २०० ग्रॅम साबणाचा चुरा लिटरभर पाण्यांत विरघळवून त्यांत मिसळावा आणि एकंदर १०० लिटर पाणी करावें. यालाच पांच टक्के निंबोळी अर्क म्हणतात. तो त्याच दिवशीं, शक्य तों उन्हें उतरल्यावर वापरावा. कारण सूर्यप्रकाशांत त्याचा गुण थोड्याच दिवसांत नाहींसा होतो. उणीव म्हणतात ती हीच, आणि माणसाच्या दृष्टीनें सोयही हीच. फवारा मात्र वेळेवर, म्हणजे पतंग दिसूं लागतांच, अळी दिसण्यापूर्वीं मारला पाहिजे. अळी बोंडांत शिरल्यावर निंबोळीला दोष देण्यांत अर्थ नाहीं.

आमच्या वाचकभगिनींना शेताहून कोठीघर जवळचें. कडधान्यांत भुंगे होतात त्यांची कथा अशीच आहे. अखंड मुगाच्या किंवा चवळीच्या दाण्यावर जे पांढरे ठिपके दिसतात तीं त्या भुंग्याचीं अंडीं होत. अंड्याखालूनच अळी थेट दाण्यांत शिरते, आणि भोंक पडलेलें दिसतें तेव्हां आंतलें पीठ संपलेलें असतें. आमच्या मातोश्री तुरीला एरंडेलाचा हात लावून उन्हें देऊन मगच कणगींत भरीत. किलोला सुमारें ५ मिलिलिटर खाद्य तेल सारखें चोळलें असतां भुंग्यांचीं अंडीं कमी होतात आणि झालेलीं बहुतांशीं मरतात, हें प्रयोगांनीं सिद्ध झालें आहे. कडुनिंबाचीं वाळलेलीं पानें घालणें चांगलें, परंतु तेलाच्या मानानें त्यांचा गुण पुष्कळ कमी. पोथ्यांच्या रुमालांत आपण वेखंड ठेवतों त्याचीही परीक्षा झाली आहे. जम्मू येथील संशोधकांनीं १९७७ सालीं दाखविलें कीं, वेखंडाच्या तेलांतील असारोन या द्रव्यानें कीटकांच्या मादीचा बीजकोशच वाढत नाहीं. मग अंडें कोठून येणार? पण येथें सावधगिरीचा इशारा देणें आमचें कर्तव्य आहे. हेंच द्रव्य उंदरांच्या पोटांत दीर्घकाळ गेलें असतां कर्करोग होतो असें आढळलें आहे. वेखंड पोथ्यांना ठेवावें. खाण्याच्या धान्यांत मिसळूं नये.

इतकें वाचून कोणी म्हणेल, तर मग सर्व रानावर निंबोळी शिंपडावी आणि निश्चिंत व्हावें. येथेंच या विद्येची मर्यादा आहे, आणि आमच्या मतें तिचें मर्मही येथेंच आहे. जिचें पोट अंड्यांनीं भरलें आहे त्या मादीला दुसरी जागाच उरली नाहीं, तर ती नकोशा पानावरही अंडीं घालते. प्रसववेदना सुरू झालेल्या स्त्रीला धर्मशाळा निवडण्यास वेळ नसतो. शिवाय एकच एक द्रव्य वारंवार वापरलें तर कीटक त्याला सरावतात. कॅनडांतील १९९६ सालच्या एका प्रयोगांत शुद्ध अझाडिरॅक्टिनला अळ्या सरावल्या आणि तें लावलेलीं पानें पुनः खाऊं लागल्या. निंबोळीच्या सबंध अर्काला मात्र त्या सरावल्या नाहींत. अनेक द्रव्यांचें मिश्रण हेंच झाडाचें शहाणपण.

म्हणून केवळ दार लावून भागत नाहीं. दुसरें दार दाखवावें लागतें. याचा उत्तम दाखला आफ्रिकेंतील केनियाचा आहे. तेथें मक्याचें नुकसान करणारा एक खोडकिडा मूळचा आपल्या आशिया खंडाचा. आपल्या ज्वारीला पोखरणारा तोच हा, गेल्या शतकांत तिकडे पोंचला. तेथील कीटकशास्त्राची संस्था व इंग्लंडांतील रॉथॅमस्टेड संस्था यांनीं १९९० नंतरच्या दशकांत एक पद्धति बसविली. मक्याच्या ओळींमध्यें डेस्मोडियम नांवाची शेंगवर्गी वनस्पति पेरावयाची आणि शेताच्या कडेनें हत्तीगवत लावावयाचें. डेस्मोडियमचा वास पतंगाला मक्याकडून ढकलतो. हत्तीगवत त्याला ओढून घेतें. त्या गवतावर तो अंडीं घालतो, पण गवताच्या चिकट रसांत बहुतेक अळ्या मरून जातात. डेस्मोडियमनें टारफुल्यासारखें उपद्रवी तण दबतें, जमिनीला नत्र मिळतें आणि दोन्हीं वनस्पति गुरांच्या दावणीला जातात. पूर्व आफ्रिकेंतील लाखाहून अधिक शेतकऱ्यांनीं ही रीत घेतली. ढकलण्याचें काम वासाचें किती आणि डेस्मोडियमच्या पानांवरील आंकडेदार केंसांत अळ्या अडकण्याचें किती, यावर अलीकडे शास्त्रज्ञांत वाद आहे. तो होणेंच इष्ट. वादानेंच विद्या शुद्ध होते.

आपल्याकडेही बेंगळूरच्या फलोद्यान संशोधन संस्थेनें टोमॅटोच्या दर सोळा ओळींमागें झेंडूची एक ओळ लावण्यास सांगितलें आहे. घाटेअळीची मादी झेंडूच्या फुलांकडे वळते आणि टोमॅटो पुष्कळसा वांचतो. बंधूंनीं गेलीं तीन वर्षें भाजीच्या मळ्यांत झेंडू लावला आहे. कपाशीवर आरंभीं निंबोळी फवारतात. जहाल औषध अगदींच सुटलें असें नाहीं. पण पूर्वीं हंगामांत सात वेळां मारीत तेथें आतां दोनदां मारतात, आणि तो जुना गडी निंबोळीच्या दिवशीं निर्धास्तपणें पंप खांद्यावर घेतो. झेंडू दसऱ्याला बाजारांत जातो, हा वरकड लाभ.

एक गोष्ट मात्र आम्हांला अस्वस्थ करते. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें आढळलें कीं, दक्षिण व मध्य अमेरिकेंतील मक्याच्या कांहीं जुन्या गांवठी जातींवर खोडकिड्यानें अंडीं घालतांच तीं रोपें विशेष वास सोडून त्या अंड्यांच्या व अळ्यांच्या शत्रूंना, म्हणजे चिमुकल्या गांधीलमाशांना, बोलावतात. बाजारांत मिळणाऱ्या ज्या संकरित जाती त्याबरोबर तपासल्या, त्यांना हें साधलें नाहीं. दाणा वाढविण्याच्या नादांत रोपाची वाचा गेली, हें कोणाच्या ध्यानांतही आलें नव्हतें. जुनें बीं टाकून देण्यापूर्वीं त्याला काय बोलतां येत होतें, हें विचारावयास नको काय? आमच्या शाळेंतही पुष्कळ गुणांच्या मागें लागतां लागतां मुलें प्रश्न विचारावयाचीं विसरलीं. त्याची आम्हांला येथें आठवण झाली.

हें सारें आम्हीं नातवाला त्याला समजेल अशा भाषेंत सांगितलें. चार दिवसांनीं कढीलिंबावरील अंडें फुटलें आणि पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी एक लहानशी अळी पान कुरतडूं लागली. घरांत मोठाच पेंच पडला. सूनबाईंना फोडणीला पानें हवीं होतीं आणि नातवाला अळी हवी होती. शेवटीं तडजोड झाली. दोन रोपांपैकीं कठड्याकडील रोप स्वयंपाकघराचें, पलीकडलें फुलपांखराचें. त्यानंतर कठड्याकडील रोपावर अंडें दिसलें कीं नातू तें पान अलगद खुडून पलीकडच्या रोपाला सुतानें बांधतो. भाद्रपद लागला तेव्हां त्या रोपाला पानें थोडींच उरलीं होतीं. परंतु आमच्या आमटीला फोडणी मिळत होती, आणि अंगणांत काळ्या-पिंवळ्या पंखांचीं तीन फुलपांखरें जास्वंदीला पाय लावून पुनः पुनः उठत होतीं.